दाहाची हाक : पूरक प्रथिनांच्या तुकड्यांविषयी प्रस्तावना

शिरेतून द्यायचे एखादे औषध रुग्णाला आयुष्यात प्रथमच दिले जाते. पहिले काही थेंब जातात न जातात तोच त्याचा चेहरा लाल होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, पाठीत कळ येते, अंगावर गांधी उठतात. क्वचित रक्तदाबही झपाट्याने उतरतो. खाटेभोवतीचे सगळे म्हणतात, औषधाची ॲलर्जी दिसते. तातडीचे उपचार होतात आणि बहुतेक वेळा रुग्ण सावरतो. धावपळ ओसरली की मात्र एक प्रश्न उरतो. नेहमीच्या अर्थाने ॲलर्जी व्हायची तर त्या पदार्थाशी शरीराची आधी ओळख व्हावी लागते, त्याच्याविरुद्ध आयजीई जातीचे प्रतिपिंड तयार व्हावे लागतात, आणि मग पुढच्या भेटीत उद्रेक होतो. येथे तर ही पहिलीच भेट होती. मग हा उद्रेक आला कोठून?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या रक्तात सदैव फिरणाऱ्या प्रथिनांच्या एका समूहापाशी मिळते. मराठी ग्रंथांत त्यांना पूरक प्रथिने म्हणतात. रुग्णालयात सगळे कॉम्प्लिमेंटच म्हणतात. जंतू, परका पृष्ठभाग किंवा प्रतिपिंडांनी वेढलेला प्रतिजन समोर आला की ही प्रथिने ठरलेल्या क्रमाने एकमेकांना कापू लागतात. कापलेल्या प्रथिनाचा मोठा भाग शत्रूला जाऊन चिकटतो आणि लहान भाग सुटा होऊन आसपास पसरतो. सी३ए, सी४ए आणि सी५ए अशी या सुट्या तुकड्यांची नावे असून तिघांना मिळून ॲनाफिलाटॉक्सिन म्हटले जाते. रक्तवाहिन्या सैल करणे, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपू देणे, पांढऱ्या पेशींना बोलावून घेणे, मास्ट पेशींतून हिस्टामिन सोडवणे ही त्यांची कामे आहेत. दाह आणि ॲलर्जीसारखी लक्षणे यांचा एक मोठा उगम येथे आहे.

वैद्यकाचे विद्यार्थी, परिचारिका, डायलिसिस केंद्रातील तंत्रज्ञ, औषधनिर्मितीत काम करणारे आणि केवळ कुतूहलाने वाचणारे, अशा सर्वांना या विषयात आमंत्रण देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. त्यासाठी जीवरसायनशास्त्राची पदवी लागत नाही. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी आणि एन्झाइम म्हणजे अशा साखळीवर नेमके काम करणारे दुसरे प्रथिन, एवढी शिदोरी पुरते. या क्षेत्राचे नाव ऐकून अनेकजण पाठ फिरवतात, कारण पाठ्यपुस्तकात ते आकडे, अक्षरे आणि बाणांच्या आकृतीतून भेटते. त्या आकृतीच्या आधी गोष्ट ऐकली, तर बाण आपोआप अर्थपूर्ण होतात.

गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होते. १८९४ मध्ये रिचर्ड फायफर यांनी दाखवले की, पटकीच्या जंतूंविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या गिनीपिगच्या पोटात तेच जंतू सोडले तर ते विरघळून नष्ट होतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण ज्यूल बोर्दे यांनी त्याचा पुढचा उलगडा केला. प्रतिकारक्षम प्राण्याचा रक्तरस तापवला की त्याची जंतू मारण्याची शक्ती जाते. पण त्यात साध्या, प्रतिकारक्षम नसलेल्या प्राण्याचा ताजा रक्तरस थोडा मिसळला की ती परत येते. म्हणजे काम दोघांचे होते. एक घटक उष्णता सोसणारा आणि विशिष्ट शत्रूसाठी घडलेला, तो प्रतिपिंड. दुसरा सर्वांच्या रक्तात जन्मतः असणारा, उष्णतेने निकामी होणारा. आजही प्रयोगशाळेत रक्तरस ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवून हा दुसरा घटक निष्प्रभ करतात. पॉल एर्लिख यांनी त्याला कॉम्प्लिमेंट हे नाव दिले आणि बोर्दे यांना १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईच्या वाचकाला येथे एक ओळखीचा धागा सापडेल. प्लेगची लस मुंबईत तयार करून १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे याच मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते आणि पुढे पाश्चर संस्थेतही त्यांनी काम केले. रोगप्रतिकारशास्त्राच्या पहिल्या पिढीचा वारसा परळपर्यंत पोहोचला आहे आणि या विषयात पुढे तो पुन्हा भेटतो.

त्याच सुमारास दुसरा धागा समुद्रावर गुंफला जात होता. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या संशोधन-नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए सागरी जीवांच्या विषाचा अभ्यास करू लागले. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचले. अल्प मात्रेतून सावरलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा तेच विष दिले, तेव्हा वाढलेल्या प्रतिकाराऐवजी काही मिनिटांत मृत्यू दिसला. संरक्षणाच्या नेमक्या उलट जाणाऱ्या या घटनेला १९०२ मध्ये त्यांनी ॲनाफिलॅक्सिस म्हटले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचा बचाव शरीरावर उलटू शकतो, हे वैद्यकाने प्रथमच इतक्या ठळकपणे पाहिले.

दोन्ही धागे १९१० मध्ये एर्न्स्ट फ्रीडबर्गर यांच्या प्रयोगात एकत्र आले. प्रतिजन आणि प्रतिपिंड यांचा साका गिनीपिगच्या ताज्या रक्तरसात काही काळ ठेवून त्यांनी तो रस दुसऱ्या, निरोगी गिनीपिगला टोचला. त्या प्राण्याचा त्या प्रतिजनाशी पूर्वी कधीच संबंध आला नव्हता, तरीही तो ॲनाफिलॅक्सिस झाल्यासारखा दगावला. रक्तरसातच काहीतरी विषारी तयार झाले असले पाहिजे, असे मानून फ्रीडबर्गर यांनी त्याला ॲनाफिलाटॉक्सिन हे नाव दिले. पुढे अगरसारख्या साध्या पदार्थासोबत रक्तरस ठेवला तरी हेच घडते, असेही दिसून आले. पहिल्या परिच्छेदातल्या रुग्णाचे कोडे एका अर्थाने तेव्हाच मांडले गेले होते.

मात्र त्याचे उत्तर मिळायला निम्मे शतक जावे लागले. त्याच काळात हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिनचे परिणाम दाखवून दिले आणि ॲनाफिलॅक्सिसचे स्पष्टीकरण तिकडे वळले. फ्रीडबर्गर यांचा पदार्थ कोणाला शुद्ध स्वरूपात हाती लागत नव्हता, म्हणून अनेकांनी त्याच्या अस्तित्वावरच शंका घेतली. १९५९ मध्ये ॲब्राहम ऑस्लर आणि सहकाऱ्यांनी ॲनाफिलाटॉक्सिनच्या निर्मितीत कॉम्प्लिमेंटचा सहभाग दाखवला. १९६८ मध्ये चार्ल्स कॉकरेन आणि हान्स म्युलर-एबरहार्ड यांनी मानवी कॉम्प्लिमेंटच्या तिसऱ्या आणि पाचव्या घटकांपासून असे दोन वेगवेगळे तुकडे निघतात, हे सिद्ध केले. सत्तरच्या दशकात टोनी ह्युगली आणि सहकाऱ्यांनी या तुकड्यांतील ॲमिनो आम्लांचा क्रम एकेक करून वाचला. शंकेच्या छायेत गेलेली कल्पना चिकाटीने पुन्हा उजेडात आली, याचा या क्षेत्रातील लोकांना रास्त अभिमान आहे.

आता रचनेकडे वळू. या समूहाचा मध्यबिंदू सी३ हे प्रथिन आहे. निरोगी प्रौढाच्या दर लिटर रक्तद्रवात ते एक ग्रॅमहून थोडे अधिक असते. रक्तातील एका संरक्षक प्रथिनासाठी हा साठा मोठाच म्हणावा लागेल. त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वाटा तीन आहेत. पहिली प्रतिपिंडांमार्फत जाते. दुसरी जंतूंच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करा ओळखणाऱ्या लेक्टिनमार्फत. तिसरी वाट कोणाच्याही सूचनेची वाट पाहत नाही: सी३ सतत अल्प प्रमाणात आपोआप सक्रिय होत राहते आणि ज्या पृष्ठभागावर त्याला रोखणारे प्रथिन नसेल तेथे पकड घेते. लुई पिलेमर यांनी १९५४ मध्ये ही तिसरी वाट सुचवली, तेव्हा तिच्यावर कडाडून टीका झाली; त्यांच्या मृत्यूनंतर ती खरी ठरली.

तिन्ही वाटा शेवटी सी३ कापणाऱ्या एन्झाइमपाशी मिळतात. सी३ कापले की सी३बी हा मोठा भाग पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि स्वतःच नव्या कापणाऱ्या एन्झाइमचा हिस्सा बनतो. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध लागावे तसे थोड्याशा सी३बीपासून भराभर पुष्कळ सी३बी तयार होते. तयार होणाऱ्या प्रत्येक सी३बीमागे एक सी३ए सुटा होतो, हे मात्र विसरू नये. पुढे याच साखळीत सी५ कापले जाते. सी५बी जंतूच्या आवरणात छिद्र पाडणाऱ्या रचनेचा पाया घालतो आणि सी५ए मोकळा होतो. आपण सहसा छिद्र पाडणाऱ्या रचनेकडे पाहतो. या पुस्तकाचे लक्ष मोकळ्या झालेल्या तुकड्यांवर आहे.

सी३ए आणि सी४ए प्रत्येकी ७७ ॲमिनो आम्लांचे, तर सी५ए ७४ ॲमिनो आम्लांचा. तिघांच्याही शेपटाशी आर्जिनिन हे ॲमिनो आम्ल असते आणि त्यांची शक्ती बरीचशी त्या एका टोकावर अवलंबून असते. पेशींच्या पटलावर त्यांच्यासाठी नेमके ग्राही असतात. पटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या ग्राहींच्या मोठ्या कुटुंबातले हे सदस्य. सी५एचा मुख्य ग्राही १९९१ मध्ये आणि सी३एचा १९९६ मध्ये जनुकासह ओळखला गेला. तुकडा ग्राहीवर बसला की मास्ट पेशी आपल्या कणिकांतील हिस्टामिन सोडते, केशवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव ऊतींत झिरपतो आणि श्वासनलिकेचे स्नायू आकुंचन पावू शकतात. लाली, सूज, गांधी, धाप, उतरलेला रक्तदाब ही सगळी लक्षणे येथून समजावून घेता येतात.

तिघांना एकच नाव असले तरी वाचकांनी त्यांना एकाच मापाने मोजू नये. सी५ए सर्वांत प्रबळ आहे. त्याचा मूळ साठा सी३च्या दशांशाहूनही कमी असतो, तरीही अत्यल्प प्रमाणात तो न्यूट्रोफिल पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर काढून दाहाच्या जागेकडे खेचतो आणि तेथे त्यांना जंतुनाशक, पण ऊतींनाही जाळणारी द्रव्ये सोडायला लावतो. सी३एचा प्रभाव त्यामानाने सौम्य, तरी त्याचे प्रमाण मोठे असते. सी४एची शक्ती फार क्षीण आहे आणि त्याला ॲनाफिलाटॉक्सिन म्हणावे की नाही यावर आजही वाद होतात. सी५एचा दुसरा ग्राही २००० च्या सुमारास सापडला. तो संदेश पुढे नेतो की सी५एला केवळ अडवून धरतो, याबाबतही अभ्यासकांत एकमत नाही. नव्याने येणाऱ्याला करण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे, एवढाच याचा अर्थ घ्यावा.

इतकी प्रबळ द्रव्ये रक्तात मोकळी सोडणारे शरीर त्यांना आवर घालण्याची तजवीजही करून ठेवते. रक्तद्रवात कार्बोक्सिपेप्टिडेज एन हे एन्झाइम सदैव हजर असते. ते तुकड्याच्या टोकावरचे आर्जिनिन छाटून टाकते. हे टोक गेले की सी३ए मास्ट पेशीवरील आपले काम करू शकत नाही. सी५एचा जोर बराच घटतो, तरी पांढऱ्या पेशींना बोलावण्याची काही क्षमता शिल्लक राहते. म्हणून हे तुकडे जेथे तयार होतात तेथेच आणि थोडाच वेळ प्रभावी ठरावेत, अशी ही योजना आहे. बोटात काटा मोडला तर बोट लाल होते, सुजते, ठणकते आणि जंतू तेथेच संपतात. हेच तुकडे एकाच वेळी सर्व शरीरभर, आवरण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने तयार झाले, तर तीच क्रिया प्राणावर बेतते. या विषयाचे सार मला येथे दिसते: रक्षण आणि इजा यांचे रसायन एकच आहे, आणि परिणाम ठरतो तो जागा, मात्रा आणि वेळ यांवरून.

ही यंत्रणा नसती तर बरे झाले असते, असे कोणाला वाटू नये. जन्मतः सी३ नसलेल्या मुलांना न्यूमोनिया, कानाचे विकार, मेंदूज्वर असे जिवाणूंचे गंभीर संसर्ग वारंवार होतात. दाह त्रासदायक असतो, पण त्याच्या अभावाची किंमत त्याहून फार मोठी आहे. म्हणूनच येथे औषध शोधणाऱ्याला दाह समूळ मिटवायचा नसतो. त्याची मर्यादा राखायची असते.

रुग्णालयात या तुकड्यांची पहिली ठळक ओळख डायलिसिसने करून दिली. सेल्युलोजच्या पडद्यावरून रक्त वाहू लागताच पहिल्या पाव तासात रुग्णाच्या रक्तातील न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीसे होत आणि तासाभरात परतत. १९७७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील अभ्यासकांनी याचे कारण उकलले: पडद्याचा पृष्ठभाग कॉम्प्लिमेंट जागे करीत होता आणि त्या प्रभावाखाली न्यूट्रोफिल फुफ्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकून बसत होते. १९८१ मध्ये हृदय-फुफ्फुस यंत्रावर ठेवलेल्या रुग्णांच्या रक्तातही सी३ए वाढलेले आढळले. डायलिसिसच्या पडद्यांचे साहित्य पुढे बदलले, त्यामागे हे ज्ञानही होते. डायलिसिस केंद्रात काम करणाऱ्या वाचकांनी पुढे येणारे डायलिसिसवरचे प्रकरण आवर्जून वाचावे. त्यांच्या हातातील उपकरणाचा इतिहास त्यात आहे.

औषधांच्या बाबतीत हंगेरीचे यानोश सेबेनी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला कॉम्प्लिमेंटजन्य आभासी ॲलर्जी म्हणता येईल. मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेले डॉक्सोरुबिसिन, आणि पॅक्लिटॅक्सेल विरघळवण्यासाठी वापरले जाणारे क्रेमोफोर ही त्याची बहुचर्चित उदाहरणे. अशी प्रतिक्रिया पहिल्याच मात्रेला येऊ शकते, औषध हळू सोडल्यास बहुधा सौम्य होते आणि पुढच्या वेळी कित्येकदा कमी होते. आयजीईमुळे होणाऱ्या ॲलर्जीची चाल याच्या उलट असते: तेथे पूर्वीची भेट लागते आणि पुढची भेट अधिक धोक्याची असू शकते. बाहेरून सारखी दिसणारी लक्षणे आतून इतक्या वेगळ्या वाटांनी येतात, हे एकदा ध्यानी आले की वाचकाची नजर बदलते.

महाराष्ट्रातील वाचकाला याचा प्रत्यय सर्पदंशाच्या उपचारात येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे प्रतिविष घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनते. मुंबईत हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी अनेक दशके जोडलेले आहे. हे औषध प्राण वाचवते, परंतु काही रुग्णांना ते देताच गांधी, धाप आणि रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. पूर्वी त्याआधी त्वचेवर चाचणी-मात्रा देऊन पाहण्याची पद्धत होती. मात्र अशा बहुतेक प्रतिक्रिया आयजीईमुळे होत नसल्याने त्या चाचणीतून पुढचे भाकीत करता येत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात ती टाळण्यास सांगितले आहे. प्रतिविषातील प्रथिनांचे पुंजके कॉम्प्लिमेंट जागे करतात, हे या प्रतिक्रियांचे एक प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते. श्रीलंकेत हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी दिलेल्या ॲड्रेनॅलिनच्या अल्प मात्रेने गंभीर प्रतिक्रिया कमी झाल्या. हिस्टामिनरोधक प्रोमेथाझिनने आणि हायड्रोकॉर्टिझोनने तसा लाभ दिसला नाही. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांना या एका परिच्छेदाचे मोल सांगायला नको.

सापाशी या विषयाचे नाते आणखी खोल आहे. नागाच्या विषात सी३बीशी साधर्म्य असलेले एक प्रथिन असते. ते आपल्या रक्तातील घटकाशी जोडी जमवून सी३ कापणारे असे एन्झाइम बनवते की ज्याला शरीराचे नियंत्रक आवरू शकत नाहीत. थोड्याच वेळात सी३चा साठा संपतो. संशोधकांनी या विषाचाच उपयोग करून प्राण्यांचे कॉम्प्लिमेंट काही दिवसांसाठी रिकामे केले आणि ते नसल्यावर कोणता दाह होत नाही, हे तपासले.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. पहिली उपचाराची. वाट कोणतीही असो, तीव्र ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आधी. कारणाचा शोध नंतर. दुसरी समजुतीची. प्रत्येक सूज हिस्टामिनची नसते. सी१ या पहिल्या घटकाला आवरणाऱ्या प्रथिनाची आनुवंशिक उणीव असलेल्यांना चेहऱ्यावर, घशात, पोटात वारंवार सूज येते. त्यांच्या रक्तात सी४ कमी आढळते, म्हणून ही सूज सी४एची असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती ब्रॅडिकायनिन या वेगळ्या द्रव्यामुळे येते. अशा रुग्णाला गांधी उठत नाहीत आणि हिस्टामिनरोधक गोळ्यांनी गुण येत नाही.

ॲलर्जीसारख्या प्रतिक्रियांपलीकडेही या तुकड्यांचा वावर आहे. घरातल्या धुळीतील सूक्ष्म कीटकांची एन्झाइमे सी३ आणि सी५ थेट कापू शकतात. दम्याच्या अभ्यासात हा दुवा महत्त्वाचा ठरला. जंतुदोष रक्तभर पसरतो तेव्हा सी५ए अतोनात वाढून न्यूट्रोफिलांना उलट बधिर करतो, असे पीटर वॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. कोविडच्या गंभीर रुग्णांतही सी५ए वाढलेले आढळले आणि त्याला अडवणाऱ्या विलोबेलिमॅब या प्रतिपिंडाला २०२३ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन परवानगी मिळाली.

उपचारांच्या दृष्टीने हे क्षेत्र सध्या भरात आहे. सी५ कापू न देणारे एक्युलिझुमॅब २००७ मध्ये आले. ते घेणाऱ्यांना मेनिंगोकोकस जंतूचा धोका वाढतो, म्हणून आधी लस द्यावी लागते. सी५एच्या ग्राहीवर बसून त्याची हाक पेशीपर्यंत पोहोचू न देणारी अव्हाकोपान ही तोंडावाटे घेण्याची गोळी २०२१ मध्ये रक्तवाहिन्यांच्या एका गंभीर दाहविकारासाठी मान्य झाली. या दोहोंची तुलना उद्बोधक आहे. पहिले औषध छिद्र पाडणारी रचना आणि तुकडा दोन्ही थांबवते. दुसरे केवळ तुकड्याचा परिणाम अडवते आणि जंतू मारण्याचे उरलेले काम चालू देते.

या प्रवासात पुण्याचाही वाटा आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सी३ला चिकटून त्याला कापू न देणारी अवघ्या १३ ॲमिनो आम्लांची एक साखळी शोधली गेली. तिचे नाव कॉम्पस्टॅटिन. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अरविंद साहू पुढे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात आले आणि विषाणू कॉम्प्लिमेंटला कसे चुकवतात यावर त्यांच्या गटाने मोलाचे काम केले. कॉम्पस्टॅटिनपासून विकसित झालेले पेगसेटाकोप्लान २०२१ पासून रुग्णांना मिळू लागले. आपल्या विद्यापीठाच्या आवारात असे काम होते, हे पुण्यातल्या विद्यार्थ्याने जाणून घ्यावे आणि जमल्यास त्या दारातून आत जावे.

आता वाचनाविषयी दोन शब्द. प्रथमच येणाऱ्या वाचकांनी घटकांच्या आकड्यांना घाबरू नये. ते शोधाच्या क्रमाने दिले गेले, कामाच्या क्रमाने नव्हे, म्हणून सी१ नंतर सी४ येतो आणि त्यानंतर सी२. सी३ला मध्यभागी ठेवा, त्याच्याकडे येणाऱ्या तीन वाटा काढा, पुढे सी५ जोडा, आणि प्रत्येक ठिकाणी सुटा होणारा तुकडा वेगळ्या रंगाने दाखवा. हे चित्र स्वतःच्या हाताने काढलेले असले की मनात टिकते. प्राण्यांवरील प्रयोग वाचताना जाती लक्षात ठेवा. गिनीपिग, उंदीर आणि माणूस यांच्या पेशींवर ग्राहींची मांडणी सारखी नसते. रक्तातील सी३एचे आकडे वाचताना नमुना कसा घेतला हे आधी पाहा. हे तुकडे नळीतही तयार होतात. ईडीटीए घातलेल्या नळीत रक्त घेऊन, ते थंड ठेवून, रक्तद्रव लवकर वेगळा केलेला नसेल तर आकडा नळीतल्या घडामोडींचा असू शकतो.

जे रुग्णांच्या सहवासात काम करतात त्यांना एक विनंती आहे. औषधाची प्रतिक्रिया दिसली की केसपेपरवर केवळ 'ॲलर्जी' असे लिहून थांबू नका. हे औषध पूर्वी कधी दिले होते का, किती वेगाने दिले, किती मिनिटांत त्रास सुरू झाला, वेग कमी केल्यावर काय झाले, एवढ्या चार गोष्टी नोंदवा. ॲलर्जीचा शिक्का रुग्णासोबत आयुष्यभर राहतो आणि कधी उपयोगी औषधही त्याच्यापासून दूर करतो. नीट केलेली नोंद पुढच्या डॉक्टरला ते औषध पुन्हा, सावकाश देता येईल का, हे ठरवायला मदत करते. अभ्यासकालाही ती प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणाइतकीच मोलाची असते. पुढील प्रकरणे वाचून तुम्ही अशी एक जरी नोंद अधिक नेमकी केलीत, तर या विषयात तुमचे काम सुरू झाले असे समजा.